बॅटरीवरचे लाकूड-कटर घेताय? आधी बॅटरी पारखा

कापडाच्या व्यापाऱ्याने लाकूड कापण्याच्या मशीनवर लिहावे, याचे काही वाचक बांधवांना नवल वाटेल. कारण सांगतो. मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या हसनाबादच्या कब्रस्तानात वेडी बाभूळ इतकी माजली की मय्यत घेऊन जायला धड वाट उरली नाही. खांदा देणाऱ्यांच्या पायांत काटे घुसत. कुऱ्हाडीने साफ करायला माणसे मिळेनात. मिळाली ती कापूस वेचणीच्या दिवसांतली मजुरी मागू लागली. अशात कोणीतरी मोबाईलवर बॅटरीच्या छोट्या चेन-सॉची जाहिरात दाखवली. एका हाताने फांद्या मुळ्यासारख्या कापल्या जात होत्या. वर्गणीचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून खरेदीही माझ्याकडे आली, आणि मी सपशेल फसलो.

शहरातल्या एका दुकानातून सहा इंची पात्याची मशीन आणली. बॅटरीवर मोठ्या अक्षरांत ४८ व्होल्ट, प्लास्टिकच्या पेटीत दोन बॅटऱ्या, किंमत तीन हजारांच्या आत. पहिल्या दिवशी मनगटाएवढ्या फांद्या कापल्या आणि सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी साखळी दोनदा उतरली. तिसऱ्या वेळी बॅटरी हात लावू देईना इतकी तापली आणि मोटारीतून वास आला. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नसते. पक्के बिल मी घेतले नव्हते, त्यामुळे बोलायला तोंड नव्हते. आमच्या गल्लीतल्या सुतार चाचांनी मशीन हातात फिरवून पाहिली आणि एवढेच म्हणाले, "सेठ, ये खिलौना है, आरी नहीं." वर्गणीचा पैसा म्हणजे अमानत. ती रक्कम मी गल्ल्यातून भरून दिली आणि दुसरी मशीन घेण्याआधी दोन महिने सुतार, बागवान, भटारी, हार्डवेअरवाले अशा सर्वांना विचारत फिरलो. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

आकड्यांचा खेळ

कापडाच्या धंद्यात आपण थानावरचे लेबल पाहून माल घेत नाही. पन्हा मोजतो, सूत चाचपतो, उजेडात धरून वीण पाहतो. बॅटरीच्या मशीनलाही हाच नियम लावायला हवा होता.

आजकालच्या सर्व हत्यारांत लिथियम-आयन सेल असतात. १९९१ साली सोनी कंपनीने ते प्रथम बाजारात आणले आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. पूर्ण भरला की ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून एका डब्यावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ लिहिलेले असले तरी माल एकच आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यात लबाडी नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. पण ४८, ८८ असे आकडे लिहून त्यापुढे ‘व्हीएफ’ वगैरे अक्षरे चिकटवलेली असतात, तिथे सावध व्हावे. माझी बंद पडलेली बॅटरी मोबाईल दुरुस्तीवाल्याने उघडली तेव्हा आत मोजून पाच सेल निघाले. म्हणजे १८ व्होल्टचीच. ४८ व्होल्टसाठी तेरा-चौदा सेलची ओळ लागते, ती त्या डबीत मावलीच नसती. (बॅटरी घरी कोणी उघडू नये, सेलला टोचले तर भडका उडतो.) सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात खोट करणाऱ्यांबद्दल जे फर्मावले आहे, ते फक्त तराजू आणि मीटरपट्टीपुरते आहे असे मला वाटत नाही. आपल्या ज्या हार्डवेअरवाल्या बांधवांच्या दुकानात असा माल आहे, त्यांनी गिऱ्हाइकाला खरा आकडा सांगूनच विकावा. मालातला ऐब लपवून विकला तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क राहतो, हा मसला आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

खरा दम कशात हे एका गुणाकाराने कळते. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. येईल तो वॅट-अवरचा आकडा म्हणजे बॅटरीत भरलेला माल. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. ३६ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजेही ७२. दुकानदार ३६ ला दुप्पट ताकद म्हणेल. जोर थोडा अधिक मिळेल, पण लाकूड जवळपास तेवढेच कापले जाईल. चांगल्या कंपन्या हा आकडा बॅटरीवर छापतात. जिथे छापलेला नाही, तिथे विचारावे. सांगता येत नसेल तर उठून यावे. विजेचा खर्च मात्र विचारूच नका. ७२ वॅट-अवरची बॅटरी भरायला एका युनिटचा दहावा हिस्सा फार तर लागतो.

पेट्रोलची का नको

सुतार चाचांचा कल पेट्रोलच्या मशीनकडे होता. रोज लाकूड पाडणाऱ्यासाठी ते खरेही आहे. ओंडके कापणाऱ्याने बॅटरीच्या नादी लागू नये. पण आपला प्रश्न अधूनमधून कापण्याचा. पेट्रोलची मशीन बहुतेक टू-स्ट्रोक असते, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालावे लागते. काम झाले की उरलेले मिश्रण टाकीत तसेच राहते आणि चार-सहा महिन्यांनी कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि पडून राहिलेल्या टाकीत पाणी-इथेनॉल खाली व पेट्रोल वर असे फाटू शकते. मग दोरी ओढून ओढून खांदा उतरतो, मशीन चालू होत नाही. वर्षातून पाच-सात वेळा लागणाऱ्या वस्तूला हे परवडत नाही.

वायरची इलेक्ट्रिक मशीन स्वस्त असते आणि दमही भरपूर. ज्याचे काम वर्कशॉपच्या आत आहे, त्या सुतार बांधवांनी तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती दोन हजार वॅटच्या आसपास ओढते. लांब आणि बारीक वायर लावली की व्होल्टेज पडते, वायर तापते, मोटार कण्हते. घरच्या इन्व्हर्टरवर तर ती चालायचीच नाही. कब्रस्तानात, शेताच्या बांधावर, मोसंबीच्या बागेत वायर कुठून आणणार?

गंमत अशी की चेन-सॉची सुरुवातच विजेवर झाली. जर्मनीच्या आंद्रेआस स्टिलने १९२६ साली केलेली पहिली मशीन विजेची होती आणि ती दोघांनी धरावी लागे. पेट्रोलची १९२९ साली आली. आजच्या साखळीची घडण अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४७ साली बाजारात आणली, तीही लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी दोन्ही बाजूंनी कशी कुरतडते ते पाहून. ‘ओरेगॉन’ नावाने मिळणाऱ्या साखळ्या त्याच घराण्यातल्या.

तिसरी गोष्ट सांगायला दुकानदार तयार नसतो, म्हणून मी सांगतो. वर्षातून दारच्या लिंबाच्या चार फांद्या छाटायच्या असतील तर काही शे रुपयांची घडीची हात-आरी घ्या. मशीन घेऊ नका. आम्हीही तेच केले असते. पण वेडी बाभूळ वरून कापली की बुंध्यातून पुन्हा फुटते. मुळासकट काढायची तर खोल खणावे लागते, आणि कब्रस्तानात ते कसे करणार? म्हणजे दरवर्षी कापणे आलेच. भाड्याने आणण्यापेक्षा घरची बरी, हा हिशेब त्यावरून बसला.

पाते, साखळी, तेल

पात्याच्या लांबीतून दोन इंच वजा करावे. उरेल तेवढ्या जाडीचे लाकूड सुखाने कापले जाते. दहा इंची पात्याला आठ इंची फांदी, बारा इंचीला दहा. चार-सहा इंची छोट्या मशीनचे काम मनगटापर्यंत. मोसंबी किंवा डाळिंबाची छाटणी करणाऱ्या बागवान बांधवांना चांगल्या कंपनीची छोटी मशीन पुरेल आणि हातालाही हलकी पडेल. बाभूळ, भटारीच्या चुलीचे सरपण, मंडपाचे बांबू-बल्ल्या यांसाठी दहा-बारा इंची. याहून लांब पाते १८ व्होल्टच्या मशीनला लावलेले दिसले तर ते दिखाव्याचे समजावे. बॅटरी काही मिनिटांत बसते. वाळलेली बाभूळ किंवा चिंच ओल्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त बॅटरी खाते. खाटीक बांधवांनी चिंचेचा ठोकळा या मशीनवर घडवण्याची आशा धरू नये. तो आरा-मशीनवरच कापून आणावा.

मूठ वरच्या बाजूला असलेली आखूड मशीन दिसायला सुटसुटीत, पण ती झाडावर चढून काम करणाऱ्या तरबेज माणसांसाठी असते. जमिनीवर उभे राहून कापणाऱ्याने मागे मूठ असलेलीच घ्यावी. मोटार ‘ब्रशलेस’ आहे का, हेही विचारावे. तिच्यात घासून झिजणारे कार्बन नसतात, आणि त्याच बॅटरीत ती जास्त काम देते.

तेलाची टाकी आहे का, आणि साखळीवर तेल आपोआप जाते का, हे उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या पहिल्या मशीनला टाकीच नव्हती. हाताने थेंब सोडावे लागत, ते मला कोणी सांगितले नाही. साखळी कोरडी चालली, तापली, ताणली आणि उतरली. आपल्याकडे गॅरेजमधले जळके ऑईल घालण्याची सवय आहे. त्यात धातूचा चुरा असतो, तेल-पंप आणि पाते दोन्ही खराब होतात. खाण्याचे तेल घालून महिनोन्महिने ठेवले तर तेही डिंकासारखे चिकटते.

साखळी बोथट झाली हे भुशावरून ओळखावे. धारदार साखळी कीस काढते, बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. मातीला किंवा दगडाला क्षणभर लागली तरी धार गेली. कब्रस्तानात हा धोका पावलोपावली आहे, म्हणून आम्ही जमिनीपासून वीतभर वर कापतो आणि खालचे काम कुदळीला सोडतो. बहुतेक छोट्या साखळ्यांना ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, काहींना त्याहून बारीक. सुतार बांधवांना दहा मिनिटांत जमेल असे काम आहे. नवी साखळी घ्यायला जाताना पात्यावर कोरलेले तीन आकडे लिहून न्यावेत : पिच, गेज आणि दुव्यांची संख्या. त्यातला एक जरी चुकला तरी साखळी बसत नाही. आणि ती साखळी तालुक्याला नाही तर निदान जालन्यात किंवा औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) मिळते का, हे मशीन घेण्याच्या आधी पाहावे, नंतर नव्हे.

बॅटरीचे खानदान

सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि मी पहिल्या वेळी तिचा विचारच केला नव्हता. मशीनपेक्षा बॅटरी आणि चार्जर यांचीच किंमत कित्येकदा जास्त असते. एकाच कंपनीची एकाच घराण्यातली बॅटरी ड्रिलला, ग्राइंडरला, चेन-सॉला चालते. ज्या सुतार, फिटर, फर्निचरवाल्या बांधवांकडे आधीपासून १८ व्होल्टची ड्रिल आहे, त्यांनी त्याच घराण्यातली नुसती बॉडी घ्यावी; निम्मे पैसे वाचतील. मकिताचे १८ व्होल्टचे एलएक्सटी घराणे २००५ पासून चालू आहे. पण नाव एक म्हणून घराणे एक, असे समजू नये. बॉशच्या निळ्या, कारागिरांच्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी त्याच बॉशच्या हिरव्या, घरगुती मशीनला लागत नाही. स्टिलच्या १० सेंटिमीटर पात्याच्या छोट्या जीटीए २६ ची १०.८ व्होल्टची बॅटरी त्यांच्या ३६ व्होल्टच्या मशीनमध्ये जात नाही. दुकानातच बसवून पाहावे.

ज्यांच्याकडे १८ व्होल्टची हत्यारे आहेत, त्यांनी पुढेमागे चालणाऱ्या सरळ पात्याच्या करवतीचाही विचार करावा. तीच बॅटरी, लाकडाचे लांब दातांचे पाते लावायचे. काम सावकाश होते, पण जुन्या चौकटीतले खिळे लागले तरी शे-दोनशेचे पाते जाते, साखळी जात नाही.

आखातात असलेल्या मुलांकडून, भावांकडून मशीन मागवणारे बरेच आहेत. बॅटरी सामानात टाकू नका म्हणावे. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत नेता येतात, आणि त्याही विनापरवानगी १०० वॅट-अवरपर्यंतच. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. मशीन मात्र बॅटरी काढून सामानात, कारण साखळीचे पाते कोणी विमानात आत नेऊ देणार नाही. शिवाय तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असे नाही.

बिल पक्केच घ्यावे. या हत्यारांवर १८ टक्के जीएसटी आहे; धंद्यासाठी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो वळता करता येतो, आणि बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे कागदाचा तुकडा.

आपल्या जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. बहुतेक कंपन्या चाळीस अंशांपर्यंतच चार्ज करायला सांगतात. पत्र्याच्या दुकानात, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात बॅटरी ठेवली तर ती लवकर मरते. काम संपल्यावर गार होऊ द्यावी, मग चार्जरला लावावी. पडून राहणार असेल तर अर्धी भरून, मशीनमधून काढून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

हातपाय सांभाळून

आवाज कमी म्हणून धोका कमी, हा मोठा गैरसमज आहे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळी मारून तोंडाकडे येते. समोर ब्रेकची दांडी असलेलीच मशीन घ्यावी आणि दोन्ही हातांनी धरावी. जाहिरातीतल्यासारखी एका हाताने नव्हे. शिडीवर उभे राहून, खांद्याच्या वर धरून कापू नये. साखळीला हात लावण्याआधी बॅटरी काढावी. डोळ्यांवर चष्मा हवा. गळ्यातला रुमाल, लोंबता कुर्ता, ढगळ पायजमा काढून ठेवावा.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट. लाकूडतोड्यांसाठी खास पँट असते, तिच्या आत लांब, मजबूत, सैल तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागली की ते तंतू ओढले जातात, चाकात गुरफटतात आणि साखळी जाम होते. तीस वर्षे कापड विकले, पण फाटण्यासाठीच विणलेले कापड मी प्रथमच पाहिले. बॅटरीच्या मशीनवर ती किती टिकते हे लेबल वाचूनच ठरवावे, कारण विजेची मोटार अडली तरी जोर सोडत नाही. जाड जीन्स घातली म्हणजे झाले, असे मुळीच नाही.

कायद्याचेही पाहावे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ प्रमाणे आंबा, चिंच, मोह, साग, खैर, चंदन अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. वेडी बाभूळ १९६४ च्या यादीत नाही, तरी आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज देऊन पोच घेतली. आणि कब्रस्तान वक्फचे असेल तर तिथले लाकूडही वक्फचे. आम्ही सरपण एका भटारी बांधवाला विकले, पैसे कब्रस्तानाच्या खात्यात जमा केले आणि पावती मस्जिदीच्या फळ्यावर लावली.

दुसरी मशीन पहिलीच्या सहापट किमतीला पडली : १८ व्होल्ट, दहा इंची पाते, ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. कंपनीचे नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल. दोन शुक्रवारी नमाजनंतर पोरांनी वाट मोकळी केली. एका बॅटरीवर ओल्या बाभळीच्या दंडाएवढ्या पंधरा-वीस फांद्या निघतात, तोवर दुसरी चार्ज होते. गेल्या महिन्यात इशानंतर एक मय्यत झाली. कबरीचे तख्ते लांब निघाले आणि आरा-मशीन बंद होती. सुतार चाचांनी मस्जिदीच्या आवारात टॉर्चच्या उजेडात सगळे तख्ते मापात कापून दिले. मशीन आता हुजऱ्यात असते. बॅटऱ्या माझ्या दुकानात, साड्यांच्या कपाटाखाली, कारण तिथे ऊन येत नाही. कोणी नेली, कधी आणली याची वही शेजारीच ठेवली आहे.